बाराव्या भागातला अबोला

“मॅडम, सीन मेलाय,” मुंबईहून निखिल फोनवर म्हणाला. “पुन्हा करा. सोमवारपर्यंत जमलं नाही तर त्या दोघांचे आवाज काढून आम्ही इथलेच कुणी घेतो. सगळ्या भागांत.”

निखिल म्हणजे आमच्या क्लायंटचा माणूस. मी नांदेडला डबिंग स्टुडिओ चालवते. स्टुडिओ म्हणजे काचेमागे एक बूथ, एक माइक आणि एक एसी, तोही रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद करायचा, कारण आवाज करतो. आजवर आम्ही बियाण्यांच्या जाहिराती केल्या, निवडणुकीच्या गाड्यांवरच्या घोषणा केल्या. मुंबईचं हे पहिलंच मोठं काम होतं. ते हातचं गेलं असतं तर मी परत सोयाबीनवर आले असते.

काम होतं एका जपानी ॲनिमे मालिकेचं मराठी डबिंग. तिला कार्टून म्हटलं की माझी भाची चिडते, म्हणून मी म्हणत नाही. सगळी गोष्ट एका ऑनलाइन गेमच्या आत घडते. हजारो लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी तो खेळतात. त्यातला एक झालेला असतो म्हातारा जादूगार आणि एक ढालवाला शिपाई. दोघं वर्षानुवर्षं बरोबरीनं राक्षस मारतात, पण एकमेकांचं खरं नाव-गाव काही माहीत नाही. शेवटच्या भागात कंपनी गेम कायमचा बंद करणार असते. तेव्हा शिपाई म्हणतो, “एकदा घरी ये.” जादूगार म्हणतो, “येईन.” अख्खी मालिका या दोन वाक्यांसाठी चढत आलेली, आणि नेमकी तीच आमच्याकडे पडली होती.

शिपायाचा आवाज व्यंकट सरांचा. सर रेणापूरचे, शाळेतून रिटायर झालेले. जादूगाराचा आवाज बशीरभाईंचा. त्यांचं नायगावला शिलाईचं दुकान आहे. सर नायगावला नोकरीला होते तेव्हा या दोघांनी मिळून हौशी नाटकं गाजवली होती. जय-वीरूच म्हणा ना! आणि आता काही वर्षांपासून दोघांत अबोला.

कारण सगळ्या गावाला माहीत. सरांच्या लेकीचं लग्न झालं आणि बशीरभाईंना पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. आमच्याकडे ती नुसती माहिती झाली, आवतण नव्हे. जवळच्या माणसाच्या घरी जायचं, पत्रिका हातात द्यायची, चहा प्यायचा, “सगळ्यांनी यायचं बरं का” म्हणायचं, तेव्हा ते बोलावणं. भाईंनी उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि लग्नाला गेले नाहीत. सर म्हणाले, हा आला नाही. भाई म्हणाले, यांनी बोलावलंच नाही. संपलं.

तरी मी दोघांना घेतलं, कारण तसे आवाज दुसरे नव्हते. शिवाय डबिंगमध्ये कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. कलाकार एकटाच बूथमध्ये जातो. समोरच्याचा आधी रेकॉर्ड झालेला आवाज हेडफोनवर ऐकतो आणि पडद्यावरचे ओठ हलतायत तेवढ्यात आपलं वाक्य बसवतो. याला लिपसिंक म्हणतात. सरांना मी मंगळवार दिला, भाईंना शुक्रवार. आधीचे सगळे भाग सुरळीत गेले. राक्षस मरत होते, मी खूश होते.

शेवटच्या, बाराव्या भागात गाडी अडली. सर “एकदा घरी ये” असं म्हणत, जणू पालकसभेची नोटीस वाचून राहिलेत.

“सर, जराक मायेनं.”

“मायेनंच म्हणलो की!”

भाईंचं “येईन” तर याहून भारी. पँट उसवून आणलेल्या गिऱ्हाइकाला “शुक्रवारी या” सांगतात ना, तसं. कितीही टेक घेतले तरी तेच. तोच सीन निखिलनं ऐकला होता.

माझं डोकं तापलं की मी विचार करत बसत नाही, फोन लावते. दोघांना शनिवारी सकाळी बोलावलं. दुसराही येणार आहे हे एकालाही सांगितलं नाही. ओळखीच्याकडून आणखी एक माइक आणला.

भाई आधी येऊन बसले. सर आले, भाईंना पाहिलं आणि तसेच मागं फिरले.

“बसा!” मी ओरडले. वडिलांच्या वयाची माणसं, पण ओरडले. “तुमच्या रुसव्यापायी माझं काम हातचं चाललंय. आणि तुमचे आवाजही जाणारेत, पहिल्या भागापासून. नातवंडांना दाखवणार काय, कपाळ?”

दोघं मुकाट बूथमध्ये गेले. एकमेकांकडं न बघता हेडफोन लावले. मी एसी बंद केला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

“एकदा घरी ये,” सर पडद्याकडं बघत म्हणाले.

भाईंचं “येईन” आलंच नाही. मी काचेतून हातवारे केले. भाई म्हणाले, “असं भिताडाकडं बघून बोलावत्यात का गुरुजी कुणाला?”

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. थांबवायला माझा हात बटणापर्यंत गेला, पण मी ते दाबलं नाही.

“तू तर लग्नालाबी आला न्हाईस,” सर म्हणाले. “मांडवाच्या दारात उभा राहून वाट बघून राहिलो व्हतो तुझी.”

“बोलावलं कुठं तुम्ही? मोबाईलवर पत्रिका धाडली. मीबी मोबाईलवर अंगठा धाडला. फिटंफाट.”

“अरे, हिचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात. कुणाच्याच दारी जाणं झालं न्हाई. सगळ्यांनाच मोबाईलवर धाडल्या.”

“हाव ना,” भाई म्हणाले. “सगळ्यांनाच. मी सगळ्यांत व्हतो का, गुरुजी?”

मला फार वाईट वाटलं. सकाळपासूनचा माझा राग तिथंच उतरला.

सरांनी चष्मा काढून पुसला. “न्हाई,” ते म्हणाले. “तू सगळ्यांत नव्हतास. चुकलं माझं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “घ्या टेक.”

या वेळी सरांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. भाईंकडं तोंड केलं आणि म्हणाले, “एकदा घरी ये.” भाईंनी वेळ घेतला. “येईन” म्हणताना त्यांचा आवाज चिरकला.

मी लावून पाहिलं, तर लिपसिंकचे बारा वाजलेले. शिपायाचं तोंड मिटलं तरी सरांचं वाक्य चालूच. मी तसंच पाठवलं.

“सिंक गेलंय,” निखिल म्हणाला.

“दिसतंय मला.”

त्यानं सीन पुन्हा एकदा लावून ऐकला. “हात लावू नका,” म्हणाला. “असंच ठेवू.”

बाहेर चहा आला होता. भाई म्हणाले, “गुरुजी, आतलं ‘येईन’ मी त्या शिपायाला म्हणलोय. तुमचं आवतण अजून यायचंय बरं का.”

“लई ताठ हायेस, बशीर,” सर म्हणाले आणि हसले. भाई हसले नाहीत. चहा मात्र त्यांनीच सरांच्या हातात दिला.

काही दिवसांनी मालिकेच्या प्रोमोसाठी मला भाईंचा आवाज हवा होता. त्यांचाच फोन आला.

“मॅडम, या शुक्रवारी जमत न्हाई. रेणापूरला बारसं हाय, गुरुजींच्या नातीचं. काल गुरुजी अन् भाभी दोघं नायगावला घरी येऊन सांगून गेले. लेकराची अंगडी-टोपडी शिवून राहिलो मी.”

मी सवयीनं चिडले. प्रोमो पुढं ढकलला, निखिलच्या शिव्या खाल्ल्या.

आता नवं काम ठरवताना मी कलाकाराला सरळ विचारते, “तुमचा कुणाशी अबोला आहे का? म्हणजे तुम्हा दोघांना एका सीनमध्ये टाकत नाही.” सगळे आधी हसतात. मग बहुतेक जण एक नाव सांगतात.