मोहित्यांच्या पत्राचा तिसरा मसुदा

विनायकराव टिळेकरांनी केंद्र सरकारात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत कुणाचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही. अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्यावर ते गुरुग्रामला मुलाच्या एकविसाव्या मजल्यावर राहायला आले आणि सुनेनं चार महिन्यांत हात टेकले. भाजीच्या यादीवरसुद्धा हा माणूस शेरे मारायचा. शेवटी तिनंच एका संस्थेचा नंबर आणून दिला. ज्यांच्या आजारावर आता उपाय उरलेला नाही, अशांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन सोबत करायची, एवढंच काम. समाजसेवा म्हटल्यावर विनायकराव फुलले.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच होती : बोलू नका, ऐका. विनायकरावांनी ती वहीत लिहून घेतली, खाली तांबडी रेघ मारली आणि वही मिटली.

पहिलाच पेशंट दिल्लीतल्या द्वारकेतला निघाला : दत्तात्रय मोहिते, एकोणीस वर्षं त्यांचाच स्टेनो. घशाचा कॅन्सर. आवाज कुजबुजण्यापुरता उरलेला, बोटं सुजून पेन धरवत नव्हतं. साहेबांना दारात पाहून त्या माणसानं उठून बसायची धडपड केली. लाज वाटायला हवी होती, पण साहेबांना बरं वाटलं.

पहिला तासभर विनायकरावच बोलले. मोहित्यांच्या पत्नी चंद्रप्रभावहिनी चहाचं बघायला आत गेल्या, तेव्हा कुठे मोहित्यांना संधी मिळाली.

"साहेब, एक पत्र लिहून घ्याल? अरुणाला."

अरुणा ही त्यांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिनं पाटण्याच्या मुलाशी लग्न केलं आणि मोहित्यांनी घरात तिचं नाव काढायला बंदी घातली. ती बंगळूरला होती. बापाच्या आजाराचं तिला कळलं होतं, पण "त्यांनी बोलावल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही" यावर ती अडून बसली होती. हट्ट बापाचाच उचलला होता तिनं.

"वहिनींना सांगा की लिहायला."

"तिनं सात वर्षं पदर पसरला, साहेब. आता तिच्यापुढे कुठल्या तोंडानं सांगू?"

मोहिते श्वास घेत घेत सांगत गेले आणि विनायकरावांनी जन्मात पहिल्यांदा डिक्टेशन घेतलं. सात ओळी झाल्या. 'आरू, तुझ्या लग्नाला आलो नाही असं सगळे म्हणतात. मी आलो होतो. पहाडगंजच्या हॉलसमोर पानवाल्याकडे उभा होतो. तू हिरव्या साडीत होतीस. छान दिसत होतीस. बाप मूर्ख निघाला. आता ये.'

इथं कुणीही पाकीट बंद करून तिकीट चिकटवलं असतं. विनायकरावांनी तांबडं पेन काढलं.

"मोहिते, हे असं जाणार नाही. 'मूर्ख' शब्द शोभत नाही. आणि हे पानवाल्याचं अनावश्यक आहे, शिवाय तुमच्या आधीच्या भूमिकेशी विसंगत."

"आहे तसंच पाठवा ना, साहेब."

"कच्चा ड्राफ्ट आपण कधी पाठवलाय का? बिल्कुल नाही. फेअर करून आणतो."

मोहित्यांनी डोळे मिटले. एकोणीस वर्षांची सवय मरणाच्या दारातही सुटली नाही. "यस सर," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी दुसरा मसुदा आला. त्यातले दोन शब्द विनायकरावांनाच खटकले म्हणून तो परत गेला. मोहित्यांनी बोटानं खूण करून विचारलं, गेलं का? "नेक्स्ट थर्सडे, पक्कं," साहेबांनी सांगितलं. त्या गुरुवारच्या आधीच, मंगळवारी मोहिते गेले.

अरुणा आली ती तेराव्याला. विनायकरावही आले, स्वच्छ टाइप केलेला तिसरा मसुदा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. सहीची जागा तेवढी कोरी होती. पोरीला ठेवा मिळतोय, अशा थाटात त्यांनी तो पुढे केला.

'मागील घटनांचा साकल्याने पुनर्विचार करता, तुझी भेट व्हावी असे वाटते.' अरुणानं तेवढं वाचलं आणि वर बघितलं.

"काका, हे बाबांचं नाहीये. ते असं बोलायचेच नाहीत. त्यांनी सांगितलेलं कुठंय?"

ते होतं. विनायकरावांनी जन्मात कागद फेकला नव्हता. टाइप केलेल्या पानामागे पहिलं पान टाचलेलं होतं. सात ओळींपैकी पाच तांबड्यानं खोडलेल्या.

"ते कॅन्सल केलेलं आहे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही जरा गप्प बसाल?"

तिनं ते पान बाल्कनीच्या काचेवर उन्हात धरलं. तांबड्या रेघांखालून एकेक अक्षर बोटानं शोधत ती मोठ्यानं वाचू लागली, आईला ऐकू जावं म्हणून. पानवाल्यापाशी तिचा आवाज फुटला. चंद्रप्रभावहिनी भिंतीला धरून खाली बसल्या. सात वर्षं ज्याला त्यांनी दगड म्हटलं, तो त्या दिवशी हॉलसमोर उभा होता, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"पहिल्याच दिवशी. तीन आठवडे... थोडे जास्तच झाले."

"त्या दिवशी नुसता फोटो काढून पाठवला असतात तरी मी संध्याकाळच्या फ्लाइटनं आले असते."

प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत जे शिकवलं होतं, ते विनायकरावांना आज जमत होतं. ते गप्प बसून ऐकत होते. ज्याचं ऐकायचं तो मात्र उरला नव्हता.

अरुणानं खोडलेलं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि टाइप केलेलं फोल्डरसकट त्यांच्या हातात दिलं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. "घेऊन जा."