मोदकांचा लोड

गणपतीमागची दिव्यांची आरास विझली तेव्हा मी निरांजनात वाती घालत होते. पाठोपाठ किचनमधून एकदम पाच-सहा काकूंचा आवाज आला. मोदक अर्धे कच्चे होते आणि सगळे स्टीमर बंद पडले होते.

बर्मिंगहॅममधल्या आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये असतो. ईमेलमध्ये लिहिलं होतं, ज्यांना जमेल त्यांनी इलेक्ट्रिक स्टीमर आणावा. सगळ्यांनाच जमलं, कारण मोदकांच्या बाबतीत कोणत्याच काकूचा दुसरीच्या स्टीमरवर विश्वास नाही. घरून उकडून आणले तर पारी वातड होते, म्हणून सगळ्याजणी कच्चे मोदक ओल्या फडक्याखाली झाकून आल्या होत्या. आल्या आल्या प्रत्येकीने प्लग लावला. आरासही एक्स्टेन्शन टाकून किचनमधूनच घेतली होती. भरीला चहाचा अर्न, म्हणजे पाणी उकळायचं ते मोठं पिंप.

केअरटेकर ग्रॅहम आला, बोर्ड उघडून स्विच वर केला आणि म्हणाला, "Once more and I'm locking the kitchen."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नैवेद्य नाही तर आरती नाही. आरती नाही तर जेवण नाही. आणि जेवणाच्या नुसत्या आशेवर मंडळाचे अर्धे सभासद वुल्वरहॅम्प्टनहून आले होते.

"मावशी, मी बघू का?" माझ्या मागे गार्गी उभी होती.

गार्गीबद्दल इथेच सांगायला हवं. मी बर्मिंगहॅमच्या एका युनिव्हर्सिटीत करिअर्स कन्सल्टंट आहे. विद्यार्थ्यांना नोकरीच्या वाटा दाखवायच्या, सीव्ही तपासायचे, खोटे इंटरव्ह्यू घेऊन खऱ्यासाठी घडवायचं, हे माझं काम. सध्या माझ्याकडे क्लीन एनर्जी आहे, म्हणजे वारा, ऊन वगैरेंपासून होणाऱ्या विजेच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या. गार्गी आमच्याच युनिव्हर्सिटीत जिऑग्रफीच्या शेवटच्या वर्षाला. जन्म इथलाच. आई भूलतज्ज्ञ, बाबा बँकेत. ऑफिसात सगळे विद्यार्थी मला नावाने हाक मारतात. गार्गीला ते जमत नाही, म्हणून तिथे ती मला कोणत्याच नावाने हाक मारत नाही, नुसती खाकरते.

आदल्याच दिवशी ती माझ्यासमोर बसून म्हणाली होती, "मी मंगळवारच्या इंटरव्ह्यूला जात नाही. सोमवारी विथड्रॉ करते."

मला मनापासून वाईट वाटलं. तिला ती नोकरी किती हवी होती ते मला माहीत होतं. त्या कंपनीची माहिती ती गेलं वर्षभर वाचत होती.

"का?"

"क्लीन एनर्जी इज फॉर इंजिनिअर्स. माझ्याकडे झीरो एक्सपिरिअन्स आहे."

यात पोरांची चूक नाही. आमच्या सगळ्या पोस्टरांवर हेल्मेट घातलेला माणूस पवनचक्कीखाली उभा असतो. त्यामुळे ज्याला उंचीची भीती वाटते तो सरळ अकाउंटन्सीकडे वळतो. तिला बोलावणाऱ्या कंपनीत तर पवनचक्कीच नव्हती. त्यांचं काम फ्लेक्सिबिलिटीचं. संध्याकाळी सगळा देश एकाच वेळी ओव्हन लावतो आणि विजेची ओढाताण होते. तेव्हा गॅस जाळून वीज करावी लागते. त्याऐवजी ही कंपनी कारखान्यांना, कोल्ड स्टोअरेजवाल्यांना विनवते, की तुमची मशिनं आत्ता थांबवा, वारा सुटला की चालवा, आम्ही त्याचा मोबदला देऊ. यात तारा जोडण्यापेक्षा माणसं जोडावी लागतात. हे मी गार्गीला सांगितलं, पण तिला पटलं नाही.

"उद्या गणपतीला ये, मग बोलू," एवढंच म्हणून मी तिला सोडलं होतं.

तर आता ती किचनमध्ये शिरली. पहिल्यांदा तिने ग्रॅहमला गाठून विचारलं की कोणता प्लग कोणत्या सर्किटवर आहे. किचनच्या सगळ्या प्लगांना मिळून एकच सर्किट होतं. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की तारा तापू नयेत म्हणून बोर्डावरचा स्विच आपणहून पडतो. ग्रॅहमला विचारून तिने आरास हॉलच्या सर्किटवर हलवली. मग एकेक स्टीमर उलटा करून त्याच्या बुडावरचे वॉट वाचले. अर्न एकटाच तीन स्टीमरांइतकी वीज खात होता. तो तिने बंद केला.

अर्न देशपांडेकाकांच्या ताब्यात असतो. काका निवृत्त सर्जन. त्यांचं नाक लाल झालं.

"अगं, आरती झाल्या झाल्या लोकांना चहा लागतो."

"काका, वीस मिनिट्स लेट होईल फक्त."

"वीस मिनिटं?" काका असे म्हणाले की जणू कोणी त्यांना ऑपरेशन अर्धवट सोडायला सांगत होतं.

खरी अडचण पुढे होती. निम्मेच स्टीमर एका वेळी चालणार होते. मग आधी कोणाचे? नैवेद्याचा मान कोणी सोडेना. नेनेकाकूंनी आपल्या स्टीमरवर हात ठेवला तो काढेचनात. मला वाटलं, आता बिचारीचं काही खरं नाही. मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात गार्गी म्हणाली, "काकू, पहिली बॅच देवाला. पण आरती होईपर्यंत ती गार होणार ना? सेकंड बॅच गरम गरम डायरेक्ट ताटात. लोक कोणता मोदक लक्षात ठेवणार?"

नेनेकाकूंनी हात काढला आणि अगदी सहज म्हणाल्या, "माझं काय, मी थांबते हो. देवाला काय, कोणाचेही चालतात."

लगेच जोशीकाकूही थांबायला तयार झाल्या. मग साठेकाकू. पाचच मिनिटांत पहिल्या बॅचला कोणी मिळेना आणि गार्गीला दोघींच्या हातापाया पडावं लागलं. मी दाराआड जाऊन पदर तोंडात कोंबून हसले.

पहिली बॅच उकडून नैवेद्याच्या ताटात गेली आणि दुसरी वाफेवर चढली. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच गार्गीने माझा दंड धरला. अर्नचा लाल दिवा लागला होता आणि काका त्याच्यासमोर पाठमोरे उभे राहून छताकडे बघत होते. अर्न हळूहळू कुरकुरायला लागला होता. स्विच कोणत्याही क्षणी पडला असता आणि दारात ग्रॅहम किल्ल्या घेऊन उभाच होता.

गार्गी काकांजवळ गेली.

"काका, आरती कोण सांगणार? सगळी मुलं वर्ड्स विसरतात. तुमचा आवाज लास्ट रोपर्यंत जातो."

"मी?" काकांनी धोतर सावरलं. "बरं, म्हणतो."

ते स्टेजकडे निघाले आणि गार्गीने पाठीमागे हात नेऊन अर्नचा प्लग काढला. त्या दिवशी काकांनी माहीत असलेल्या सगळ्या आरत्या म्हटल्या. मंत्रपुष्पांजली होईपर्यंत दुसरी बॅचसुद्धा उकडून झाली. ग्रॅहमने चार मोदक खाल्ले आणि पाचवा किल्ल्यांच्या खिशात टाकला.

सोमवारी गार्गी माझ्या ऑफिसात आली, खाकरली आणि म्हणाली, "विथड्रॉचा ईमेल कसा लिहायचा?"

"शनिवारी तू काय केलंस ते आधी सांग."

"काही नाही. काकूंचे स्टीमर्स..." ती थांबली. मग तिचे डोळे मोठे झाले. "ओ माय गॉड. मावशी."

ऑफिसात मला तिने मारलेली ती पहिली हाक.

मी माझ्या बॉसला, हेलनला, बोलावलं आणि आम्ही तिचा सराव घेतला. हेलनने सगळं ऐकून घेतलं. गोष्ट काकांपाशी आल्यावर ती टेबलावर डोकं टेकून हसली.

"पण इंटरव्ह्यूत मोदक म्हणू का?" गार्गीने विचारलं.

"म्हण," मी म्हणाले. "फक्त सारणाची रेसिपी सांगत बसू नकोस."

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला तशी बाहेर पळाले.

"मावशी, त्यांनी विचारलं, व्हॉट अबाउट द वन हू रिफ्यूज्ड?"

"मग?"

"मी म्हटलं, आय गेव्ह हिम अ मोर इम्पॉर्टंट जॉब. ते एवढे हसले की नेक्स्ट क्वेश्चन विसरले."

नोकरीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी कॉरिडॉरमध्ये उडी मारली. माझ्या वयाला ते शोभलं नाही आणि गुडघ्याला मानवलं नाही.

आता कोणी विद्यार्थी समोर बसून अनुभव नाही म्हणाला, की मी सीव्ही बाजूला ठेवते आणि विचारते, घरच्या कार्यात तुझ्याकडे काय काम असतं? उत्तर येईपर्यंत थांबते. बहुतेकांकडे एखादे देशपांडेकाका असतातच.

गार्गी हल्ली सुपरमार्केटांच्या फ्रीझरवाल्यांना थोडा वेळ थांबायला पटवते. ते फार समजूतदार असतात म्हणे. आमच्या मंडळाचं तसं नाही. त्या दिवशी चहा इतका उशिरा का झाला, यावर कमिटीत चर्चा झाली. अर्न जुना झाला असावा, असं काकांनी मत मांडलं आणि ते एकमताने मंजूर झालं. गार्गी आणि मी खाली मान घालून बसलो होतो.

नवा अर्न आला आहे. तो जुन्याच्या दुप्पट आहे.