वाढ बाबा

दर थंडीत एक ठेंगणा, मिशा पिकलेला मजूर आमच्या वळसंगच्या द्राक्षबागेत घड बुडवायला येतो. त्याच्या हातातल्या मगात जिब्रेलिक ॲसिडचं पाणी असतं; त्यानं मण्यातल्या पेशी ताणल्या जातात आणि मणी लांबतो. एकेक घड बुडवून तो हलकेच झटकतो आणि त्याला "वाढ बाबा" म्हणतो. आमचा मांडव बुटका आहे, तासाभरात माझी कंबर धरते. तो मात्र माझ्या छातीलाही लागत नाही.

यंदा मी चेष्टेत बोलून गेलो, "एक मग तूच पी की, वाढशील."

बोललो आणि जीभ चावली. त्यानं हातातला घड आधी नीट झटकला.

"नको मालक, मग तुमच्यावानी वाकावं लागंल की."

पुढच्या घडाला "वाढ बाबा" म्हणत तो ताठ चालत गेला. मी वाकूनच त्याच्या मागं निघालो.