वापरात नसलेली दहाचाकी

सरकारी इन्स्पेक्टरसमोर मी माझ्याच नवऱ्याचा ट्रक पकडून दिला. कोणी दमदाटी केली नव्हती, कोणी खोदून विचारलं नव्हतं. माझ्या अक्षराचं कौतुक झालं, एवढंच. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला हवी अशा वयाची, आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, म्हणजे ती आलेली आहे असा माझा समज होता.

हल्ली गाडीचा टॅक्स नात मोबाइलवर भरते. चहाला उकळी येईपर्यंत पावतीसुद्धा येते. परवा मला म्हणाली, "आजी, यात एवढं काय गं असायचं?" काय असायचं ते सांगते.

आमच्या ह्यांची दहाचाकी होती. भिवंडीच्या गोदामात माल भरायचा, कसारा घाट चढायचा, नाशिकला रिकामी करायची आणि मोहन्याला घरी यायचं. बावीस वर्षं हेच. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर. परमिट, विमा, टॅक्स, सगळे कागद थोरल्याच्या जुन्या दप्तरात नीट लावलेले. एवढ्या वर्षांत गाडीवर एकही केस नाही, हे ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मुलगी बघायला आलेले असले तरी आधी हे सांगायचे.

त्या वर्षी जानेवारीत माजिवड्याला चहा प्यायला केबिनमधून उतरताना त्यांची पायरी चुकली आणि डावा पाय मोडला. घाटात कधी न घसरलेला माणूस चहाच्या टपरीसमोर घसरला. नौपाड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आत सळी घातली आणि सांगितलं, "जूनपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मग बघू." ट्रकवाल्याचा डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. डॉक्टरांचं "मग बघू" ह्यांनी ऐकलं आणि ठाण्याहून मोहन्यापर्यंत रिक्षात डावा पाय दोन्ही हातांनी धरून बसले. मार्चमध्ये काठी घेऊन चालायला लागले, पण घोट्याचा व्यायाम करायला सांगितला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. म्हणायचे, "कशाला? चालता येतंय ना संडासापर्यंत?"

एप्रिलपासून गाडीचा नवा टॅक्स लागणार होता. मोठ्या मालगाडीचा टॅक्स आम्ही तीन-तीन महिन्यांचा भरायचो. गाडी उभीच राहणार असेल तर तिमाही सुरू व्हायच्या आधी आरटीओला तसं लिहून द्यायचं, म्हणजे तेवढ्या काळाचा टॅक्स लागत नाही. ट्रकवाले याला नॉन-यूज टाकणं म्हणतात. गाडी कुठे उभी आहे ते लिहायचं आणि तिथून ती हलवायची नाही. इन्स्पेक्टर कधीही येऊन बघू शकतो.

बाकीचे लोक छापील फॉर्म भरून मोकळे होतात. मी वर स्वतंत्र अर्ज जोडला. दोन पानी, समास सोडून, टपोऱ्या अक्षरात. त्यात "सदर वाहन नमूद जागेवरून तसूभरही हलविले जाणार नाही" असं एक वाक्य होतं. ते मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

सही करताना ह्यांनी विचारलं, "तीन महिनेच लिहिलंयस ना?"

"तीनच."

"जूनच्या शेवटी पासिंग आहे."

पासिंग म्हणजे गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी. टॅक्स थकला असेल किंवा गाडीवर केस असेल तर तिथेच अडते, आणि पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"ते अडलं तर गाडी भंगारात काढायची. मग माझ्या पायाचंही बघायला नको कोणी." आणि सही केली. बँकेत करतात तशी सावकाश, पूर्ण नावाची.

गाडी वस्तीजवळच्या कारखान्याच्या भिंतीलगतच्या मोकळ्या प्लॉटवर लावली, चाकांना दगड लावले. मार्च संपायच्या आत अर्ज दिला. इथवर माझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं, हे मुद्दाम नमूद करते.

मग चौदा एप्रिल आला. आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक कल्याणपर्यंत जाते आणि तिच्यात सर्वांत पुढे गाडी आमची. ह्यांनीच चालवायची, अंगात पांढरा शर्ट, निळा फेटा. बावीस वर्षांत यात खंड नव्हता. त्या वर्षी मंडळातली माणसं विचारायला आली ती मला भेटली, आणि मी हो म्हणून बसले. रथाचा विषयही मीच ठरवला: ट्रकवर अख्खा वर्ग. बाकं, मुली, पुस्तकं आणि मागे मोठा फळा.

माझे धाकटे दीर गाडी चालवणार होते. ते मात्र घाबरले.

"वहिनी, गाडी ऑफ रोड टाकलीय ना आपण? पकडली तर?"

"भावजी, वापर म्हणजे काय? मालवाहतूक. आपण माल नेतोय का?"

"नाही, पण—"

"मुली माल आहेत का?"

"तसं नाही वहिनी, पण गाडी चालणार ना रस्त्यावरून?"

"मिरवणुकीत गाडी चालत नाही. सरकते."

दीर दहावी नापास होते आणि मी डी.एड. होते, त्यामुळे त्यांचं बरोबर असूनही ते गप्प बसले. वर मी त्यांच्याकडून गाडी धुऊन घेतली आणि नंबरप्लेट नव्याने रंगवून घेतली. पुढची मागची, दोन्ही. इतकी ठसठशीत की पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यावी.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी झोपल्या झोपल्या विचारलं, "यंदा कुणाची गाडी घेतली मंडळाने?"

"भाड्याची आहे कुठलीतरी."

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

फळा मी स्वतः लिहिला. वर तारीख, इयत्ता चौथी, पट तीस, हजर तीस. खाली विषय: नागरिकशास्त्र. धडा: चांगल्या नागरिकाची कर्तव्ये. पहिलं कर्तव्य मी पिवळ्या खडूने लिहिलं, कारण ते महत्त्वाचं होतं: "चांगला नागरिक कर वेळेवर भरतो." हे वाक्य टॅक्स न भरलेल्या ट्रकवर चढवून कल्याणभर फिरवताना मला काहीही वाटलं नाही. उलट डेरेदार "क" जमला म्हणून मी खूश होते.

मिरवणूक छान झाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडी परत प्लॉटवर, चाकांना दगड.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चावी घेऊन प्लॉटवर गेले होते, कारण बाकं शाळेत परत करायची होती. तर गाडीपाशी एक गृहस्थ उभे. पस्तिशीचे असतील. हातात आमचाच अर्ज. ते मोटार वाहन निरीक्षक होते. त्यांनी नंबर पडताळला, चाकांचे दगड बघितले, बॉनेटवर हात ठेवून बघितला. गार होतं. वायपरच्या फटीत निळा गुलाल होता आणि आरशाला झेंडूची माळ.

"जयंतीला गाडीला हार घातलात वाटतं?"

"हो, घालतो आम्ही."

हे अगदी खरं उत्तर होतं. त्यांनी मान हलवली, गाडीच्या सावलीत उभं राहून कागदावर काहीतरी लिहिलं. पेन खिशाला लावलं. काम संपलं होतं. माणूस निघाला होता. तिथे मी तोंड मिटून उभी राहिले असते तर आज मला लिहायला काही उरलं नसतं.

जाता जाता ते माझा अर्ज घडी करताना म्हणाले, "अर्ज कोणी लिहिला हो? इतकं सुंदर अक्षर ऑफिसात बघायला मिळत नाही."

"मी. शिक्षिका आहे मी."

"तरीच. परवा कल्याणात मिरवणुकीत एक रथ बघितला. ट्रकवर शाळा केली होती. फळ्यावर काय अक्षर! आणि लिहिलेलं काय, तर चांगला नागरिक कर वेळेवर भरतो. मी फोटो काढून सगळ्या ऑफिसला दाखवला. आमच्या खात्याबद्दल लोक इतकं चांगलं कधी लिहीत नाहीत. पण गर्दीत कुठल्या वस्तीचा रथ ते कळलंच नाही."

"अहो, तो फळा माझाच!" मी म्हटलं.

"काय सांगता?"

"माझाच की. तो बघा, अजून वर आहे." आणि मी मागचं फाळकं उघडून दाखवलं.

फळा होता. तीस हजर होते. पिवळ्या खडूतलं पहिलं कर्तव्य उन्हात चमकत होतं.

ते फळ्याकडे बघत राहिले, मग नंबरप्लेटकडे आणि शेवटी हातातल्या अर्जाकडे. ओझरता माझ्याकडेही एक कटाक्ष टाकला, पण लगेच नजर वळवली. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. तो माणूस भोळा होता की फार पोचलेला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तसूभर म्हणजे साधारण किती हो?"

मी आयुष्यात शेकडो मुलांना खाली मान घालायला लावली आहे. ती कशी घालतात ते मला त्या दिवशी आतून कळलं.

त्यांनी पेन परत काढलं. "मला आता हे लिहावं लागणार. खोटं लिहिणार नाही. मालकांनी स्वतःहून नॉन-यूज मागे घेतला, पूर्ण तिमाहीचा टॅक्स आणि वरचा दंड भरला, तर पासिंगला अडचण येऊ नये. पण लगेच करा. उद्याच. आणि अर्जावर मालकांचीच सही लागेल."

टॅक्सचं मला काही वाटलं नाही. सहीचं वाटलं. सही घ्यायची म्हणजे सांगायचं, आणि आमच्या ह्यांच्या गाडीवर बावीस वर्षांत एक केस नाही.

घरी गेले. हे भिंतीकडे तोंड करूनच होते. मी पाठीलाच सांगून टाकलं. चेहऱ्याला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. अर्ज, रथ, फळा, कौतुक, फाळकं, सगळं. शेवटी म्हटलं, "भाड्याची गाडी नव्हती. आपलीच होती."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"खिडकीतून आवाज आला की. आपल्या गाडीचा आवाज मला कळणार नाही?" मग म्हणाले, "भाऊ माझा दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना घासतो. मी चार वेळा ऐकलं. चढावर पाचव्यांदाही घासला असेल."

मला वाटलं होतं ते केसबद्दल बोलतील, माझ्या खोटं बोलण्याबद्दल बोलतील. ते गिअरबद्दल बोलत होते. मग माझ्या लक्षात आलं, की चौदा एप्रिलला सगळी वस्ती रस्त्यावर असताना हा माणूस इथे पडून दुसऱ्याच्या हातातली आपली गाडी ऐकत होता, आणि मी बाहेर माझ्या "क"चं कौतुक करून घेत होते.

ते उठून बसले. सही केली. कागदावर काय लिहिलंय ते वाचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कल्याणच्या आरटीओत गेले. या वेळी छापील फॉर्म भरला, स्वतंत्र अर्ज जोडला नाही. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "गाडी वापरात आली." त्यांनी वर बघितलं नाही. टॅक्स भरला, दंड भरला, शिक्का मारून घेतला. मागे उभा असलेला एक ट्रकवाला मला म्हणाला, "मावशी, बाईमाणूस असून बरं जमतं तुम्हाला." मी त्याला काही सांगितलं नाही. एका आठवड्यात माणूस एवढं तरी शिकतो.

घरी येऊन पावती ह्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुढून वाचली, मागून वाचली. मागे काही नव्हतं, तरी वाचली. गाडीचा नंबर, तीस जूनपर्यंतची मुदत, शिक्का. मी उभीच होते. आता तरी बोलतील म्हणून वाट बघत होते, कारण जानेवारीपासून ते माझ्याशी धड भांडलेही नव्हते. त्यांनी पावती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, पाय खाली सोडले, आणि म्हणाले,

"मास्तरीणबाई, तीन महिन्यांचा टॅक्स भरून गाडी नुसती उभी ठेवायला आपण काय वेडे आहोत? काठी दे ती इकडे. प्लॉटवर जाऊन क्लच दाबून बघतो, दबतो का. तू बस शेजारी. पण कोणी आलं, काही विचारलं, तर तोंड उघडायचं नाही."