माया करायला नात

दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात मी फळ्यावर 'वॉटर टू ड्रिंक' लिहिलं. नामानंतर 'टू' आणि क्रियापद आलं, की ती वस्तू कशासाठी आहे ते कळतं, असं बायकांना समजावलं.

"म्हणजे आपलं प्यायला पाणी," सुमनताई म्हणाल्या. "फक्त उलटं."

सुमनताई बासष्ट वर्षांच्या. परदेशात वाढणाऱ्या नातीशी बोलता यावं म्हणून त्या शिकायला येतात.

मी प्रत्येकीला असं एक वाक्य लिहायला सांगितलं. कुणी कामाचं लिहिलं, कुणी साडीचं. सुमनताईंनी लिहिलं होतं, 'आय हॅव अ ग्रँडडॉटर टू लव्ह.'

मी वही हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्या मराठीत आधी गरज येते, मग वस्तू. इथे नात आधी आली होती, आणि माया तिच्यामागून.

"चुकलं का हो, बाई?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

वर्ग सुटल्यावर त्यांनी ते वाक्य मोबाइलवर बोलून नातीला पाठवलं आणि जिन्यातच थांबून राहिल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं. अडखळत, एकेक शब्द जुळवत ती मुलगी मराठीत म्हणत होती, "आजी, मला पण तू आहेस."