निळी फीत

"आ कर."

मी आ केला.

मॅडमनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडं फिरवलं. चपट्या लाकडी काडीनं जीभ दाबली. मग दाढांच्या मागून, हिरड्यांच्या कडेनं काडी फिरवली आणि बाहेर काढून बघितली. काडीला नुसती थुंकी. मॅडम दातांच्या डॉक्टर नव्हत्या. माझी दाढही दुखत नव्हती. चोरून खाल्लेल्या लाडवाचा कण सापडतो का, ते बघत होत्या त्या. सगळ्या सातवीसमोर.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "गिळला असेल."

पोरं हसली. हेडसर दारात उभे होते. ते म्हणाले, "यांच्यात हे चालायचंच मॅडम. हात लांब असतात यांचे."

'यांच्यात' म्हणजे कुणात, हे वर्गाला समजावून सांगावं लागलं नाही.

माझा गुन्हा काय? मी परीक्षेत पहिली आले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रबाळ्याला तेव्हा स्टेशन नव्हतं. एमआयडीसीच्या मागं डोंगर फोडून खडी काढायचे, त्या खदानीला लागून आमची वस्ती. जालन्याकडून उठून आलेली माणसं. आई खडी फोडायची. बाप कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात हमाल. आठ-आठ दिवस तिकडंच राहायचा, ट्रकच्या सावलीत झोपायचा. घरात मी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान दिन्या, आणि दोन वर्षांची छबी. छबी चालत नव्हती. उभी केली की पाय मुडपून खाली बसायची.

सकाळी शिळी भाकर कोऱ्या चहात बुडवून खायची आणि शाळेत यायचं. तिसऱ्या तासाला फळा हलायला लागायचा. अक्षरं एकमेकांवर चढायची. मला वाटायचं, फळा सगळ्यांचाच हलतो.

त्या वर्षी शाळेत अभ्यास करणारी माणसं आली. आमचा अभ्यास. पोरांनी काय खाल्लं की पोरं किती शिकतात, ते त्यांना बघायचं होतं. नेरूळकडून पांढरी जीप यायची. त्यात वजनकाटा, दंडाला गुंडाळायची पट्टी, रक्त घ्यायच्या सुया. आणि मॅडम. खादीची साडी, गळ्यात चष्मा, बोलणं मऊ. पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं करून एकेकाला विचारलं.

"काल रात्री काय जेवलीस?"

"भाकर."

"भाकरीबरोबर?"

"पाणी."

मागची पोरं फिस्सकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आमच्या घरातलं पाणी कुणीतरी कागदावर लिहून घेतलं, म्हणून.

मग आयांना बोलावलं. छापील कागद होते. वाचून कुणी दाखवला नाही. हेडसर म्हणाले, "पोरांना खाऊ मिळणार आहे, अंगठे करा." बायकांनी अंगठे केले.

चिठ्ठ्या टाकल्या. लाल चिठ्ठीवाल्याला रोज दुपारी एक लाडू. शेंगदाणे, नाचणी, गूळ. निळ्या चिठ्ठीवाल्याला काही नाही. त्याचं नुसतं वजन करायचं. मॅडमनी सांगितलं, "काहींना द्यायचं, काहींना नाही, तरच फरक कळतो." दिन्याला लाल निघाली. मला निळी. शर्टाला, झग्याला तशाच रंगाच्या फिती टाचल्या. मला फीत टाचताना हेडसर म्हणाले, "निळा रंग शोभतो तुम्हाला." आणि मॅडमकडं बघून हसले. मॅडमनी खाली बघितलं. आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

दुपारी लाल फितीवाली पोरं वर्गात बसून लाडू खायची. आम्ही निळे व्हरांड्यात. भिंतीकडं तोंड करून. पहिले दोन दिवस तोंड तिकडं नव्हतं. पण आम्ही टक लावून बघतो आणि खाणाऱ्या पोरांना घास गिळत नाही, अशी वर्गाच्या बाईंनी तक्रार केली. म्हणून भिंत. भिंतीचा चुना मी सहा महिने बघितला. डोळ्यांना भिंत दिसायची, नाकाला गूळ कळायचा. कोण भरभर खातं, कोण चवीनं खातं, ते पाठीलाही कळायचं.

सहा महिन्यांनी परीक्षा घेतली. गणितं, वाचन, शब्द लक्षात ठेवणं. सातवीच्या दोन्ही रंगांच्या पोरांत मी पहिली आले.

याचा अर्थ मला भूक लागत नव्हती, असा कुणी काढू नये. फळा हलायचा तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे आणि बाई काय बोलतात ते कानानं पाठ करायचे. त्याला किती जोर लागतो, ते मला माहीत आहे. पोटात लाडू असता तर तो जोर मी आणखी कशाला तरी लावला असता. मॅडमचं म्हणणं खरंच होतं. उपाशी पोर मागं पडतं. माझ्या शेजारी बसणारी निळ्या फितीची शांता मागं पडलीच होती. पण मी त्यांच्या खरं ठरण्याच्या आड आले.

म्हणून आ करायला लावलं.

तोंडात काही सापडलं नाही तेव्हा हेडसरांनी पाचवीतून दिन्याला बोलावलं. त्याच्या चड्डीचा खिसा उलटा केला. वहीच्या कागदात गुंडाळलेला अर्धा लाडू खाली पडला.

"कुणासाठी?"

"छबीसाठी," दिन्या म्हणाला. "बारकी हाय आमची. घरी."

मलाही तेव्हाच कळलं. सहा महिने तो रोज अर्धा लाडू घरी नेत होता आणि आई कामावर असताना छबीला भरवत होता. मला बोलला नव्हता. मी मागेन, म्हणून असेल.

हेडसरांनी त्याच्या कानाखाली वाजवली. "खोटं. ताईला देतोस. ताईला, म्हण."

"छबीसाठी."

दुसरी वाजवली.

"ताईला, म्हण."

दिन्या म्हणाला नाही. त्याची चड्डी ओली झाली. फरशीवर ओघळ आला आणि लाडवाच्या कागदापर्यंत गेला. वर्ग हसला. मॅडमनी हात वर केला, "सर, मारू नका हो," म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळल्या. आवाज मऊच. "बाळ, तू खरं सांगितलंस की हे सगळं थांबेल."

हेडसरांनी तिसऱ्यासाठी हात उचललेला मी बघितला.

"हो," मी म्हणाले. "मी खाल्ला. रोज."

मॅडमचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "बघा सर! मी म्हणत नव्हते?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आता कसं जमतंय सगळं." आणि भराभर लिहायला लागल्या. कानाखाली मारणारी माणसं मी नंतर पुष्कळ बघितली. पण मी चोर ठरले म्हणून एखाद्याला झालेला तसला आनंद मी पुन्हा बघितला नाही.

दिन्याची लाल फीत त्याच दिवशी काढली. नियम मोडला, म्हणून. म्हणजे छबीचाही लाडू गेला.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं एकच विचारलं, "खाल्ला व्हता का?"

"नाही."

"मग हो का म्हनलीस?"

"दिन्याला मारत होते."

तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. सकाळी कामाला गेली नाही. छबीला कडेवर घेतलं आणि माझ्याबरोबर शाळेत आली. ऑफिसात मॅडम आणि हेडसर चहा पीत बसले होते. आईला कुणी बस म्हटलं नाही. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. चप्पल काढून.

"माझा अंगठा माघारी द्या," आई म्हणाली.

मॅडमना कळलं नाही. "काय?"

"त्या कागदावर केलता त्यो. पोरीला चोर केलं तुमी. माझा अंगठा नको तिथं."

हेडसर हसले. मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, अंगठा परत देता येत नाही. आणि हे तुमच्याच भल्यासाठी चाललंय. पोटात अन्न नसेल तर डोकं चालत नाही, हे आम्ही सरकारला दाखवून देणार आहोत."

"हिचं चाललं की."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग त्यांचं लक्ष छबीकडं गेलं. उठून आल्या. दोन बोटांत छबीचा दंड धरून बघितला. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. त्यांच्या तोंडावरून मला कळलं, छबीचं काहीतरी वाईट आहे. आईलाही कळलं. आई अंगठा विसरली. "काय हाय हिला, म्याडम? काय द्यावं?"

"ही आमच्या वयोगटात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. आणि हात पुसला.

औषधाचं नाव नाही. दवाखान्याचा पत्ता नाही. काही नाही. आई परत फिरली. रस्त्यात ती रडली नाही. मी रडले. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "रडू नको. त्यांनला बरं वाटंल."

आठवड्यानं पाहुणे आले. अभ्यास संपला होता, तो दाखवायचा होता. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. सकाळीच हेडसरांनी मला बोलावून माझी निळी फीत काढली आणि लाल टाचली. एक वाक्य पाठ करायला दिलं: 'लाडू खाऊन माझी बुद्धी वाढली, मी आपली आभारी आहे.' पाठ करायला मला कितीसा वेळ. मी पहिली आलेली मुलगी.

माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. पाहुण्यांत एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय बाळ, लाडू आवडायचा का?"

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. समोर खाली बसलेल्या पोरांत दिन्या होता. त्यानं मान खाली घातली होती. मी पुन्हा खोटं बोलणार, असं त्याला वाटत होतं, म्हणून.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी खाल्ला नाही."

हेडसर उठले. मी थांबले नाही. "मी निळ्यातली. ही फीत सकाळी लावली. मी उपाशीच पहिली आले. माझ्या भावाला मारलं म्हणून मी हो म्हणाले. मॅडमनी लिहिलंय ते खोटं आहे."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आभाळ कोसळेल. काही झालं नाही. मॅडम त्या गृहस्थांकडं झुकून इंग्रजीत काहीतरी बोलल्या. ते माझ्याकडं बघून हळूच हसले, मान हलवली, आणि घड्याळ बघितलं. मग पाहुण्यांना पोहे आले.

लाडवाचा पत्र्याचा डबा अर्धा भरलेला होता. तो उचलून जीपमध्ये ठेवला. पहिलीतली एक लाल फितीची पोर विचारायला गेली, "उद्या लाडू?"

"उद्या नाही. अभ्यास संपला," मॅडम म्हणाल्या. जीप गेली.

वर्ष संपलं. आठवीसाठी घणसोलीच्या हायस्कुलात जायचं होतं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मी ऑफिसात गेले. हेडसरांनी कोरा कागद पुढं ठेवला, वर पेन ठेवलं.

"लिही. 'मी पाहुण्यांसमोर खोटं बोलले, माफी असावी.' बास. दाखला आत्ता देतो."

"मी खोटं बोलले नाही, सर."

"मग उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेले. कागद, पेन. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाप आला, कळंबोलीहून, खाडा करून. हेडसरांपुढं हात जोडले. बाहेर येऊन मला म्हणाला, "लिही की गं. चार शब्द लिहून काय अंगाला भोकं पडतात? शाळा जाईल तुझी." आई बाहेरच थांबली होती, तिच्याकडं मी बघितलं. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "मला नको इचारू. शाळा तुझी, खडी बी तुझीच."

मी लिहिलं नाही.

हायस्कुलाचे प्रवेश बंद झाले. जूनमध्ये बाकीच्या पोरी नव्या दप्तरानिशी वस्तीवरून गेल्या आणि मी आईच्या शेजारी हातोडी घेऊन बसले. वर्षभर. पहिल्या महिन्यात तळहाताची साल निघाली, मग तिथं घट्टे पडले. छबी साडेतीन वर्षांची होऊन चालायला लागली, तोवर मी तिथंच होते.

पुढच्या उन्हाळ्यात हेडसरांची बदली झाली. नवीन आलेल्यांनी कपाटातून दाखला काढून दिला. दोन मिनिटं लागली. त्यांनी कुतूहलानं विचारलं, "एवढंसं लिहून दिलं असतंस तर वर्ष वाचलं असतं की गं?"

"वाचलं असतं," मी म्हणाले.

माझ्यापेक्षा लहान पोरांत मी आठवीला बसले. ते वर्ष मला कुणी परत दिलं नाही. मॅडमच्या अभ्यासात शेवटी माझं काय लिहिलं गेलं, तेही मला कुणी कळवलं नाही. एकदा दिन्याचा मार चुकवायला मी खोटं 'हो' म्हणाले होते. त्याचं काय होतं, ते मी बघितलं. म्हणून ते चार शब्द मी बापानं हात जोडले तेव्हाही लिहिले नाहीत, हातोडी हातात असतानाही नाही. आजही कुणी माझ्यापुढं तो कागद ठेवला, तर आणखी एक वर्ष जाऊ दे. लिहिणार नाही.