साडेसहा ते सातचा तक्ता

हे मी आजवर बायकोलाही बोललेलो नाही. तुम्ही मला आकड्यांचा पक्का माणूस समजता, म्हणून तुम्हाला सांगतो — ते कौतुक आता ऐकवत नाही.

इथं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, आमच्या भिंतीला भिंत लागून विलासचं घर. आमचं वायरलेस इंटरनेट त्यानंच बसवून दिलं, पासवर्डही त्यानंच टाकला. काही महिन्यांनी ते संध्याकाळचं तुटायला लागलं. मी काय केलं असेल? तक्ता आखला. तीन आठवडे — वेळ, सिग्नलच्या दांड्या, किती मिनिटं बंद. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा ते सात. शनिवार-रविवारी एकदाही नाही. आणि विलासची गाडी सव्वासहाला दारात लागायची. तोही रकाना मी घातला होता.

मग दुसरं काय समजायचं? इतक्या वर्षांचा मित्र, आणि माझ्या नकळत माझीच लाइन वापरतो.

रविवारी तक्ता घेऊन त्याच्याकडे गेलो. तो चिडला नाही. आकडे वाचत राहिला. "मी नाही रे," म्हणाला, "पण तुझे आकडे चुकायचे नाहीत." मग त्यानं जिन्याकडे पाहिलं. वर त्याची इथंच जन्मलेली सोळा वर्षांची नेहा अभ्यास करत होती.

पासवर्ड बदलतो म्हणालो, आणि घरी येऊन बदलला. सोमवारी साडेसहाला कनेक्शन तुटलं.

नवा पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. उठून घरभर फिरलो. स्वयंपाकघरात ही पोळ्या लाटत तिची सोमवार ते शुक्रवारची मालिका बघत होती. पुढच्या खोलीतल्या डिशच्या बॉक्सचं चित्र तिच्या छोट्या टीव्हीवर बिनतारी पाठवणारी एक डबी — मीच आणून बसवलेली. डबी बंद केली, सिग्नल आला. चालू केली, गेला. "अहो, बघू द्या की जरा," ही म्हणाली. मी चार वेळा करून पाहिलं. तक्त्यात विलासच्या गाडीला रकाना होता, आमच्या मालिकेला नव्हता.

त्याच्या दारापर्यंत किती पावलं? अकरा. मी राउटरचा चॅनेल डबीच्या लहरी आड येणार नाहीत असा बदलला आणि गप्प बसलो.

बुधवारी विलास नेहाला घेऊन आला. तिचा लॅपटॉप त्यानं काढून घेतला होता. "काकांना सॉरी म्हण."

तिनं माझ्याकडे नाही, बापाकडे पाहिलं. "बाबा, मी नाही केला. काकांची वायफाय मी कधीच नाही यूज केला. तुम्ही माझा ऐकतच नाही."

विलासनं मला विचारलं, "पासवर्ड बदलल्यावर परत तुटलं का रे?"

"काल एकदाही नाही," मी म्हणालो. आकडा खरा होता.

मग ती सॉरी म्हणाली, भिंतीकडे बघत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.